रुसल्या पाहुण्याचा खटला

थळ,
३ डिसेंबर २०२५

व्याहीबुवा धर्माजीरावांना बुधाजीचा रामराम. विहीणबाई राहीताईंनाही सांगावा.

पाकीट बघून दचकला असाल. माझा फोन पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे, त्यात हळदीचं शूटिंग आहे म्हणून. नवा घेता येतो, पण विनिता वकीलबाईंनी तंबी दिलीय की केसबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही. कागदावर लिहा असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण लिहू नका असंही म्हणाल्या नाहीत. आपला विनेश बर्फाची गाडी घेऊन माणगावला येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

परवा कोर्टात मला आरोप वाचून दाखवले. ऐकताना मलाच माझी भीती वाटली. 'सरकारी नोकरावर बळाचा वापर करून कर्तव्यात अडथळा.' झालं होतं काय, तर एप्रिलात आमच्या प्राप्तीची हळद. तुमच्या सुजितला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन तुम्ही दोन गाड्या भरून आलात, आणि संध्याकाळी सहाला मांडवाच्या दारात आवाज मोजायला प्रदूषण खात्याचे ते तुकाराम सावळे साहेब येऊन उभे राहिले. साधा शर्ट, पोट जरा पुढे, चेहऱ्यावर नाराजी. असा माणूस लग्नघरात दिसला की तो कुणाचा तरी मामाच असतो. आमच्या लोकांना वाटलं तुमच्याकडचा, तुमच्या लोकांना वाटलं आमच्याकडचा. पोरांनी लग्न आपलं आपण जमवलेलं, दोन्ही घरं एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती, मग कोण कुणाचा मामा हे कळणार कसं?

साहेब म्हणाले, डीजे बंद करा. आमची म्हातारी जनीअक्का म्हणाली, "रुसलाय तो. मानपान राहिला असंल." आणि रुसलेल्या पाहुण्याचं आपल्याकडे ठरलेलं आहे, तो जितका नाही म्हणेल तितका त्याला धरायचा. साहेब म्हणाले, मी सरकारी माणूस आहे. भावकीतला एक जण म्हणाला, "व्हय व्हय, नवऱ्याकडचं समदं सरकारीच हाय." त्यांच्या हातातल्या यंत्राला माईक समजून अक्काने त्यात हळदीचं गाणं म्हटलं, मग पाहुण्याची वस्तू म्हणून यंत्रालाही हळद लावली. त्यानंतर कुणीतरी साहेबांना उचललं आणि खांद्यावरून वेशीपर्यंत वाजतगाजत नेऊन आणलं.

आता ही केस चालली तर आठ-दहा वर्षं चालेल, आणि केस चालू आहे म्हणून माझा पासपोर्ट अडकलाय. पोरं मस्कतला, मार्चच्या मध्याला तिथे प्राप्तीचे दिवस भरतात. तिची आई असती तर तीच मस्कतला गेली असती. आता आई पण मीच. मला मार्चच्या आत सुटायचंय, बाकी काही नाही.

वकीलबाईंनी तोड काढलीय, प्ली बार्गेनिंग. आपल्या मर्जीने गुन्हा कबूल करायचा. मग सरकारी वकील, पोलीस, फिर्यादी आणि आपण एका टेबलाला बसून तोडगा काढायचा आणि न्यायाधीश शिक्षा हलकी करतात. लहान गुन्ह्यांना आणि पहिलटकरांनाच मिळतं हे. एकदा झालं की अपील नाही. आरोप वाचल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो.

सौदा म्हटल्यावर माझे कान टवकारले. बंदरावर बर्फ फोडणारा हमाल ते बर्फाचा कारखाना, हा प्रवास मी सौद्यावरच केला. विचारलं, "बाई, सुरुवात कितीपासून करू? मी चार आणे गुन्हा म्हणतो, ते बारा आणे म्हणतील, आठ आण्यांवर तोडू." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बुधाजीशेठ, गुन्हा पुरता सोळा आणे कबूल करायचा असतो. घासाघीस फक्त शिक्षेची." असला धंदा मी जन्मात पाहिला नव्हता. आधी माल देऊन टाकायचा आणि मग भाव विचारायचा.

पण करतोय. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर घेतोय. तुम्ही निर्धास्त राहा.

आपला,
बुधाजी


माणगाव,
७ डिसेंबर

श्री. बुधाजीराव यांस धर्माजीचा नमस्कार.

पत्र पोचले. तीनदा वाचले. मी गावचा पोलीस पाटील, बावीस वर्षे कायद्याच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. माझा सल्ला मागितला नाहीत तरी देतो. न केलेला गुन्हा कबूल करू नये. कपाळावर लागलेला शिक्का पुसत नाही. लढावे. सत्याचा जय होतो, उशिरा का होईना. सुनेजवळ राहायला राही जाऊ शकली असती, पण तिच्या गुडघ्याचे आपणांस ठाऊकच आहे.

'निर्धास्त राहा' असे शेवटी लिहिलेत. मला धास्ती असण्याचे कारण काय, ते समजले नाही. साहेबांना उचलले त्या वेळी मी आपल्या घरामागच्या विहिरीवर हात धूत होतो. हळद निघत नव्हती, म्हणून बराच वेळ लागला. अंदाजे पंचवीस मिनिटे. तेव्हा प्रत्यक्ष काय घडले ते मी पाहिलेले नाही.

फिर्यादीत आपल्याखेरीज आणखी कोणाचे नाव आहे काय? नुसते वर्णन आहे काय? शूटिंगमध्ये चेहरे स्पष्ट दिसतात काय? सहज विचारले.

आपला,
धर्माजी


थळ,
१२ डिसेंबर

व्याहीबुवांना रामराम.

परवा अर्ज दिला. सोबत प्रतिज्ञापत्र, की मी समजून उमजून, राजीखुशीने करतोय आणि आधी कधी असल्या गुन्ह्यात सापडलो नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. फिर्यादीत नाव माझं एकट्याचं, पुढे 'व इतर अनोळखी इसम'. शूटिंग जनीअक्काने केलंय, त्यामुळे त्यात माणसांचे फक्त गुडघे आणि एकदा आभाळ दिसतं.

आता विहिरीचं. धर्माजीराव, आमच्या घरामागची विहीर आम्ही बावीस साली बुजवली. तिच्यावर मांडव होता. त्या रात्री तुम्ही जेवलात ते तिच्यावरच बसून. बाकी हात धुतलेत म्हणता ते पटतं, कारण पोलीस पाटलाने हात धुऊन घेतलेले बरे असतात.

रागावू नका. माझा कान कसा आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. कारखान्यात सगळ्या मोटारी एकदम चालू असताना कुठल्या मोटारीचं बेअरिंग बोलतंय ते मी झोपेत सांगतो. त्या डीजेच्या कल्लोळातही मला लख्ख ऐकू आलं, "मामा ऐकायचे नाहीत असे. धरा. मी डावा पाय घेतो." आमच्या बाजूला 'ऐकायचे नाहीत असे' कुणी म्हणत नाही, आम्ही 'आयकाचा न्हाय' म्हणतो. आणि तो आवाज ज्याचा होता त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, ती परत आली तेव्हा पिवळी झाली होती.

मी हे आठ महिने पोटात ठेवलंय आणि पुढेही ठेवीन. तुमची पाटीलकी जाईल, माझं काय जायचंय? बर्फ विकायला चारित्र्याचा दाखला लागत नाही. मुलीच्या सासऱ्याला कोर्टात उभं करून मी कुठल्या तोंडाने तिच्याकडे जाऊ? तेव्हा आता विहिरीवरून खाली या आणि निवांत जेवा.

आपला,
बुधाजी


माणगाव,
१८ डिसेंबर

बुधाजीराव,

राहीला सर्व ठाऊक होते. आपले पत्र तिने आधी वाचले आणि माझ्या हाती देताना म्हणाली, "टोपी सात वेळा धुतली मी. कुणाची हळद होती ते एकदा तरी विचारलं का तुम्हाला?" आठ महिने एका छपराखाली राहून बाईमाणूस एवढे गप्प बसू शकते, याची मला कल्पना नव्हती.

होय. डावा पाय मी धरला. आपल्याकडचा कोणी ज्येष्ठ रुसला आहे, त्याला मनवणे हे वरपित्याचे काम, असे मला प्रामाणिकपणे वाटले. मी आयुष्यात नाचलो नव्हतो. त्या दिवशी नाचलो, हेही लिहून ठेवतो.

परंतु माझा भार आपण वाहावा हे मला मान्य नाही. झोप लागत नाही. गावातल्या दोन भावांचे बांधाचे भांडण सोडवायला गेलो, तर 'खरे बोला' हे शब्द मला म्हणता येईनात. मी कोर्टात येऊन सांगणार. तारीख कळवावी.

धर्माजी


थळ,
२८ डिसेंबर

व्याहीबुवा,

तारीख होऊन गेली, म्हणून आत्ता कळवतोय. मुद्दामच.

न्यायाधीश मॅडमनी मला एकट्याला त्यांच्या खोलीत बोलावलं. वकीलबाई बाहेर, पोलीस बाहेर, फिर्यादी बाहेर. कायदाच असा आहे की हे एकट्याला विचारायचं, कुणी भरीला घातलंय की काय ते बघायला.  

म्हणाल्या, "कुणाचा दबाव आहे का?"

म्हटलं, "आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणाचा?"

"लेकीचा. मार्चात बाळंत व्हायचीय. हा दबाव कायद्यात बसतो का, ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी पेन परत उचललं. मग विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत?" आता इथे तुम्हाला वाटत असेल की बुधाजीने शपथेवर खोटं सांगितलं. नाही सांगितलं. एका पायावर माणूस उचलला जात नाही, व्याहीबुवा. डावा तुम्ही घेतलात तेव्हा उजवा कुणी घेतला, हे आठ महिन्यांत तुमच्या मनात आलं नाही? मी म्हटलं, "उजवा पाय मी धरला होता, आणि वेशीपर्यंत सोडला नाही." हे सोळा आणे खरं आहे. दुसऱ्या पायाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अर्ज स्वीकारला. आता साठ दिवसांत चौघांनी बसून तोडगा काढायचा. पहिली बैठक तीस जानेवारीला. फिर्यादी साहेब राजी झाले तर सुटलो. नाही झाले तर केस होती तिथे परत, पासपोर्ट परत कपाटात. साहेब कोर्टाच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसतात. उचलल्याचा इतका राग कसा राहतो, ते कळत नाही. मला कुणी उचललं असतं तर मी त्याला मिठाई वाटायला लावली असती.

तुम्ही मात्र येऊ नका. हात जोडून सांगतो.

बुधाजी


माणगाव,
१४ जानेवारी २०२६

बुधाजीराव,

आपण कोर्टात येऊ नका म्हणालात. मी कोर्टात गेलो नाही. साहेबांच्या घरी गेलो.

आपल्या वकीलबाईंना हे सांगू नये. रिकाम्या हाताने गेलो. तिळगूळसुद्धा नेला नाही, न जाणो त्याचाही अर्थ कोणी काढायचा. दारात उभे राहूनच म्हणालो, "साहेब, मी धर्माजी. तो डावा पाय माझा." साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. म्हणाले, "तरीच. डाव्या बाजूला झुकत होतो मी. या आत."

मी म्हणालो, माझा जबाब घ्या. तर म्हणतात, "फिर्यादीच्या घरी चालत येऊन कबूल होणारा आरोपी मी पहिलाच पाहतोय. आता पुरवणी जबाब कोण देत बसणार? बसा, चहा घ्या." मग चहा घेता घेता जे बोलले ते जसेच्या तसे लिहितो, कारण ऐकताना मी बोटांवर मोजून पाठ केले.

"पाटील, उचलल्याचा राग आला होता. पहिल्या वळणापर्यंत. नंतर बरं वाटायला लागलं. चोवीस वर्षं लग्नांचे आवाज बाहेरून मोजतोय, आत कधी कुणी बोलावलं नाही. खाली उतरवल्यावर त्या म्हाताऱ्या बाईंनी पंगतीत बसवलं. वडे वाढले, मटण वाढलं. मी मनात ठरवलं होतं, जेवून झाल्यावर ओळख द्यायची, आवाज कमी करायला सांगायचं आणि हसून निघायचं. दुसरा वडा मोडला आणि एक माणूस वाकून कानाशी म्हणाला, कुठल्या खात्याचे? मी सांगितलं. त्याने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि घेऊन गेला. शंभर माणसांच्या पंगतीत. मी तिथून तडक पोलीस ठाण्यात गेलो. ताट काढून घेतल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ताटाला कलम नाही. मग जे कलम होतं ते लावलं."

मी विचारले, ताट कोणी काढले? साहेब म्हणाले, "आरोपी क्रमांक एक."

बुधाजीराव, आपले कान तीक्ष्ण आहेत हे मी मान्य करतो. पण हातांचे काय? आणि त्या वेळी आपण कुठे होतात हे सांगताना विहिरीचा उपयोग करू नये, ती बुजवलेली आहे.

आपला (आणि महिन्याभरानंतर प्रथमच गाढ झोपलेला),
धर्माजी

ता. क. राही हसून हसून ओट्यावर बसली आहे.


थळ,
७ फेब्रुवारी

धर्माजीरावांना रामराम.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस कारखान्यात गेलो नाही. जनीअक्काला वाटलं मला वारं लागलं, ती गरम विटेचा शेक द्यायला निघाली.

ताट मीच काढलं. आणि का काढलं ते ऐका, म्हणजे हुशार माणूस किती मूर्ख असतो ते कळेल. साहेबांनी खातं सांगितलं आणि माझ्या डोक्यात एकच घंटा वाजली: सरकारी माणूस, ड्यूटीवर, आपल्या मांडवात आपलं मटण खातोय, म्हणजे ही लाच. उद्या कुणी फोटो दाखवला तर तो पण आत आणि मी पण आत. मी त्याला वाचवायला ताट उचललं, व्याहीबुवा. स्वतःवर खूशही झालो होतो, की काय वेळेवर सुचलं. पंगतीतल्या माणसाच्या पुढचं ताट. आमच्या घरात जन्माचा वैरी जेवायला बसला तरी त्याचं जेवण होईपर्यंत भांडण थांबवतात. हे मला इतक्या महिन्यांत एकदाही आठवलं नाही. तुमची टोपी मात्र रोज आठवत होती.

तीसला बैठक. टेबलाच्या एका बाजूला सरकारी वकील आणि फौजदार, समोर मी आणि विनिताबाई, टोकाला सावळे साहेब. सरकारी वकिलांनी सुरुवात केली, "यंत्राची भरपाई, लेखी माफी, विषय संपवू." भरपाई मी आधीच मान्य केली. माफीचा मसुदाही टाइप होऊन आला होता, 'कर्तव्यात अडथळा आणल्याबद्दल दिलगीर.' साहेबांनी वाचला आणि परत सरकवला. "यावर मी सही करणार नाही."

विनिताबाईंचा चेहरा पडला. मला मस्कतचं विमान माझ्याशिवाय उडताना दिसलं.

मी उठलो. बाईंनी माझा सदरा ओढला, तरी उठलो. "साहेब, उचलल्याची माफी कागदात आहे. ताटाची नाही. ती मी मागतो. तुम्ही जेवत होतात आणि मी ताट काढलं. लाच होईल म्हणून घाबरलो. पण घाबरलो ते तुमच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त."

सरकारी वकील म्हणाले, "हे ताट कुठलं? ताट रेकॉर्डवर नाही."

साहेब म्हणाले, "तेच तर माझं म्हणणं आहे."

मग जे झालं ते कुठल्याही कोर्टात झालं नसेल. अर्धा तास चार शिकलेली माणसं ताटाचा मसुदा करत होती. फौजदार म्हणाले, 'भोजनात व्यत्यय' लिहा. साहेब म्हणाले, व्यत्यय नाही, ताट काढलं, तसंच लिहा. सरकारी वकिलांनी विचारलं, "ताटात नेमकं काय होतं? मोघम नको." साहेब आठवून सांगायला लागले, "दीड वडा, रस्सा, आणि एक नळी, जिला हात लावला नव्हता." नळीवर त्यांचा आवाज जरा हलला. फौजदारांनी मान खाली घातली. विनिताबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी कागदावर आलं, 'फिर्यादी पंगतीत जेवत असताना आरोपीने त्यांच्या पुढ्यातील दीड वडा, रस्सा व एक अखंड नळी यांसह ताट काढून नेले, याबद्दल आरोपी बिनशर्त माफी मागतो.' साहेबांनी सही केली. पेन मला देताना पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मीठ बरोबर होतं."

काल निकाल. मॅडमनी तोडगा मोठ्याने वाचला, नळीपाशी थांबल्या, पाणी प्यायल्या, पुढे वाचला. मग म्हणाल्या, आरोपी दोषी. हा शब्द ऐकून माझी मान खाली जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. इतके दिवस मी दुसऱ्याचा गुन्हा डोक्यावर घेतलेला मोठा माणूस होतो, आता स्वतःच्याच मापाचा झालो, आणि हे हलकं पडतं. पहिला गुन्हा, भरपाई दिलेली, म्हणून कैद नाही, समज देऊन सोडलं. समज काय दिली सांगू? "बुधाजी, यापुढे कुठल्याही खात्याचा माणूस असो, जेवायला बसलेल्याला उठवायचं नाही. कळलं?" म्हटलं, कळलं.

निकालाची नक्कल घेऊन पासपोर्टच्या मागे लागलोय.

तुमचा दोषी व्याही,
बुधाजी


मस्कत,
१५ मार्च

आजोबा धर्माजीराव आणि आजी राहीताई,

फोनवर बातमी कळलीच आहे. तरी सवय लागली म्हणून लिहितो. मी दहाला उतरलो, बाराला पहाटे मुलगी झाली. प्राप्ती बरी आहे. सुजित उभ्या उभ्या झोपतो. पोरीचा आवाज असा आहे की सावळे साहेबांचं यंत्र इथे हवं होतं. कान माझ्यावर गेलेत, पाय मात्र डावा जरा जास्त झाडते, तो तुमच्याकडचा.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली, कारण सुजित शेजारी होता आणि मला हसू आवरलं नसतं. व्हिसाच्या कागदावर विचारलं होतं, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का. विनिताबाई म्हणाल्या होत्या, खरं लिहा. मी 'हो' लिहिलं. तर इथल्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने मला बाजूला घेतलं. पांढरा झगा, डोक्यावर नक्षीची टोपी, वय माझ्याएवढं. हिंदी चांगलं बोलत होता. मागे रांग खोळंबली. विचारलं, काय गुन्हा? मी निकालाची नक्कल काढली, ती मराठीत. मग तोंडीच सांगितलं. लग्नघर होतं, एक अनोळखी पाहुणा जेवायला बसला होता, आणि मी त्याच्या पुढचं ताट उचललं.

त्याने हातातला शिक्का खाली ठेवला. विचारलं, "पोट भरलं होतं त्याचं?"

म्हटलं, "नाही. दुसराच वडा होता."

"आणि शिक्षा काय झाली?"

"समज देऊन सोडलं."

त्याने पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, आणि माझ्याकडे न बघता तो सरकवत म्हणाला, "तुमचं कोर्ट फार मवाळ दिसतंय."

आपला,
बुधाजी